नागपूरचा एनओटू उपग्रहावरून: कोराडी वेगळं कसं काढायचं?

प्रश्न:
ट्रोपोमी या उपग्रहावरच्या उपकरणाचा २०१९ पासूनचा एनओटू (नायट्रोजन डायऑक्साइड) डेटा घेऊन नागपूरची सरासरी काढली आहे. हवं आहे शहरातलं उत्सर्जन, पण सगळ्यात गडद ठिपका उत्तरेला कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांवर पडतो. हे आकडे थेट उत्सर्जन म्हणून वापरता येतील का?

उत्तर १:
नाही. उपग्रह मोजतो तो हवेतला साठा, उत्सर्जन म्हणजे दर. धूर तेवढाच असला तरी वारा पडला की साठा वाढतो. क्यूए व्हॅल्यू (मोजणीच्या दर्जाचा आकडा) ०.७५ च्या वरचेच पिक्सेल ठेवा. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्या तासाचा वारा ईआरए५ या हवामानाच्या डेटासंचातून घ्या. १० मीटर उंचीवरचा नको, खालच्या ५०० मीटरची सरासरी घ्या. २ मी/से. पेक्षा मंद वाऱ्याचे दिवस वगळा. मग रोजचा नकाशा शहराभोवती फिरवून वारा एका दिशेला आणा, सरासरी काढा आणि वाऱ्याच्या दिशेने उतरत जाणाऱ्या रेषेला वक्र बसवा. त्यातून साठा आणि वायूचं आयुष्य (तो हवेत किती वेळ टिकतो) दोन्ही मिळतं. समजा साठा १२ लाख मोल आणि आयुष्य ४ तास, तर भागाकार करून दर सेकंदाला ८३ मोल. एनओएक्ससाठी (एनओ आणि एनओटू मिळून) १.३२ ने गुणा: ११०.

उत्तर २:
गणित बरोबर, पण नकाशा फिरवणं एकट्या स्रोतालाच चालतं. इथे फिरवलात तर कोराडी शहराभोवती कड्यासारखी पसरेल आणि आयुष्य फुगवून दाखवेल. त्यापेक्षा मार्च-मेमधले पश्चिमेच्या वाऱ्याचे दिवस निवडा, म्हणजे दोन्ही लोट शेजारून पूर्वेला जातात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा असला की वीजकेंद्राचा लोट थेट शहरावर येतो. ते दिवस या कामाचे नाहीत. कोराडीचे ६६० मेगावॅटचे तीन संच आणि खापरखेड्याचे १३४० मेगावॅट एकच स्रोत धरा, ५.५ × ३.५ किमीच्या पिक्सेलमध्ये ते नीट सुटत नाहीत. ऑगस्ट २०१९ आधीचा पिक्सेल ७ किमी लांब होता, तो डेटा यात मिसळू नका. प्रोसेसरची (डेटा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्तीही एकच हवी, नाहीतर आवृत्ती बदलल्याची उडी उत्सर्जनातली वाढ वाटेल.

उत्तर ३:
शहराचा आकडा तरीही कमीच येईल. मूळ प्रोफाइल (कोणत्या उंचीवर किती एनओटू, याचा अंदाज) एक अंशाच्या मॉडेलमधून येतं, त्यात शहर आणि शेतं एकत्र मिसळतात. बारीक मॉडेलचं प्रोफाइल घेऊन ॲव्हरेजिंग कर्नलने (कोणत्या उंचीवरचा वायू उपग्रहाला किती दिसतो, ते सांगणाऱ्या आकड्यांनी) दुरुस्त करा.

शिवाय धूर कशाचा आहे ते ओळखायला कार्बन मोनॉक्साइड बघाच. धुमसणाऱ्या कचऱ्यातून तो भरपूर निघतो आणि एनओटू थोडा, वीजकेंद्राचं उलट. मात्र तो हवेत आठवडे-महिने टिकतो, म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूची पातळी वजा करावी लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांसाठी जंगलात पालापाचोळा जाळतात. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाचे आगीचे ठिपके जवळपास दिसले तर तो दिवस सोडा.