तापी पाइपलाइनचा गॅस: वाट बघण्यात अर्थ आहे का?

कृष्णाकाठ_सांगली
कुपवाड एमआयडीसीतल्या भट्ट्या गॅसवर न्यायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "तापी झाली की गॅस स्वस्त होईल." मला हे अजिबात पटत नाही. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात पंजाबातल्या फाजिल्क्यापर्यंत १,८१४ किमीची ही लाइन; या चार देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचं नाव तापी. त्यातले सुमारे १,६०० किमी मधल्या दोन देशांत. करार २०१० चा, भूमिपूजन २०१५ चं, आणि फाजिल्क्याला अजून गॅस नाही.

नळ पुरणं हे त्यातलं सोपं काम. घर्षणाने दाब उतरत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर कॉम्प्रेसर स्टेशन लागतं. एक बंद पडलं की पुढचा प्रवाह घटतो, आणि ते स्टेशन असतं परक्या देशात. बरं, कॉम्प्रेसरची टर्बाइन बहुधा त्याच नळातला गॅस जाळते. तो कुणाच्या खात्यावर टाकायचा? शिवाय नळ ज्या देशांतून जातो त्यांना दर घनमीटरमागे वाटेभाडं. जहाजाने येणारा एलएनजी (थंड करून द्रव केलेला गॅस) महाग पडेल, पण कतारने नाही दिला तर दुसऱ्याकडून घेता येतो.

वाईकर
सहमत नाही. कतार ते अमिराती ही डॉल्फिन लाइन बघा. समुद्राखालून ३६४ किमी, ४८ इंची, २००७ पासून चालू. जून २०१७ मध्ये अमिरातीने कतारशी संबंध तोडले. विमानं बंद, बंदरं बंद. तरी गॅस रोज येत राहिला, कारण अमिरातीतली वीज आणि समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प त्यावर चालतात. नळ दोघांनाही बांधून ठेवतो.

आणि जहाजाचा एवढा भरवसा कशाला? २०२२ मध्ये 'गेल' या आपल्या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घ मुदतीच्या करारातली काही जहाजं आलीच नाहीत. त्याच वर्षी युरोपने चढे भाव देऊन माल उचलला आणि पाकिस्तानला निविदा काढूनही एलएनजी मिळेना.

कृष्णाकाठ_सांगली
डॉल्फिनमध्ये वाटेभाडं घेणारा तिसरा देश नाही, फरक तिथेच पडतो. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी अल्जीरियाने मोरोक्कोतून स्पेनला जाणारी लाइन बंद केली. भांडण अल्जीरिया-मोरोक्कोचं, ग्राहक स्पेन. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेनच्या वादात बल्गेरिया, स्लोव्हाकिया भर थंडीत जवळजवळ दोन आठवडे रशियन गॅसविना राहिले. तापीत असे मधले देश दोन आहेत.

पाइपलाइन_कराड
दोघेही राजकारणावरच बोलताय. रोजचं भांडण मीटरवर होतं. तापीची क्षमता दिवसाला सुमारे ९ कोटी घनमीटर. सीमेवर देणाऱ्याचा मीटर आणि घेणाऱ्याचा मीटर यांत अर्धा टक्का फरक पडला, तरी रोजचे साडेचार लाख घनमीटर वादात. त्यात बिल उष्मांकावर होतं, म्हणजे गॅसमधले घटक मोजणारा क्रोमॅटोग्राफही दोघांनी मिळून तपासायला हवा. गॅस नीट सुकवला नसेल तर थंडीत पाणी आणि मिथेनचे बर्फासारखे खडे धरतात आणि व्हॉल्व्ह तुंबतात. मग गॅस ओला कुणी पाठवला, यावर पत्रापत्री.

दुसरी गोष्ट दाबाची. अलमट्टीच्या विसर्गासाठी सांगलीला कर्नाटकशी जसं तासातासाला बोलावं लागतं, तसंच इथे. एप्रिल २००९ मध्ये तुर्कमेनिस्तानातून रशियाकडे जाणारी लाइन फुटली. रशियाने पुरेशी सूचना न देता उचल एकदम कमी केली, त्यामुळे दाब वाढला, असा तुर्कमेनिस्तानचा आरोप होता. पुरवठा परत सुरू व्हायला जानेवारी २०१० उजाडलं, तोही कमी प्रमाणात. दोन्ही नियंत्रण कक्षांत दाबाचे आकडे त्या क्षणी दिसले पाहिजेत आणि उचल टप्प्याटप्प्यानेच बदलायची, हे करारातच हवं.

वाईकर
हे मान्य. पण यावर उपाय आहेत. गॅसची मालकी फाजिल्क्याच्या मीटरवर बदलावी, तिथपर्यंतची जोखीम विकणाऱ्याची. आपण न उचलल्यास पैसे भरायचे, तसं त्याने न दिल्यास त्यानेही भरायचे.

पाइपलाइन_कराड
भरपाईच्या पैशांवर भट्टी पेटत नाही. ५६ इंची नळात किलोमीटरमागे ढोबळ मानाने लाखभर घनमीटर गॅस मावतो, पण दाब राखायचा तर त्यातला थोडाच काढता येतो. मागून पुरवठा तुटला की हाताशी काही तास, फार तर एखादा दिवस. युरोपकडे भूगर्भात मोठे साठे आहेत, आपल्याकडे तसे नाहीत. आपला वाटा दिवसाला ३.८ कोटी घनमीटरचा. निदान महिनाभर पुरेल एवढा साठा बांधल्याशिवाय मी तरी कुणाला तापीच्या भरवशावर बर्नर बदला असं सांगणार नाही.