परदेशात नोकरीला गेल्यावर भारतातली खाती आणि क्रेडिट कार्डं: ठेवावीत की बंद करावीत?

मुळाकाठ (मिसिसागा, कॅनडा)

माझं मत स्पष्ट आहे. देश सोडलात की भारतात एक एनआरओ (भारतातल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं) आणि एक एनआरई (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं), एवढी दोन खाती पुरेत. बाकीची बंद करा, आणि क्रेडिट कार्डं तर निघण्याआधीच परत करा.

आपल्याकडे पहिल्या नोकरीचं पगार खातं, कॉलेजात असताना काढलेलं राष्ट्रीयीकृत बँकेतलं खातं, बाबांच्या ओळखीने गावच्या सहकारी बँकेत उघडलेलं आणखी एक, असं सगळं तसंच ठेवून माणूस विमानात बसतो. ‘असू दे, कधी लागलं तर.’ पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली अनिवासी माणसाला साधं निवासी बचत खातं ठेवताच येत नाही. नोकरीसाठी बाहेर पडलात की फेमाच्या हिशेबी तुम्ही अनिवासी. भारतात किती दिवस राहिलात, हे १८२ दिवसांचं गणित आयकराचं. लोक दोन्हींची गल्लत करतात. फेमा मोडला तर दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

तरी लोक खातं एनआरओत बदलून का घेत नाहीत? निवासी बचत खात्याच्या व्याजावर टीडीएस कापला जात नाही; एनआरओवर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर. तेवढे पैसे वाचवायला बँकेला जुनाच पत्ता देत राहायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

कार्डाचंही तेच. भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा कुणी विचारत नाही. ते कार्ड इथे वापरलं तर बहुतेक बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचा जादा आकार लावतात, त्यावर जीएसटी. नाही वापरलं तर वार्षिक फी लागते, मेसेज बंद पडलेल्या सिमवर जातो आणि थकबाकी वाढत राहते.

खाडीवारा (शारजा)

साफ असहमत. कॅनडाचं माप आखाताला लावू नका. तुम्हाला तिथे नागरिकत्व मिळेल. इथे बहुतेकांची नोकरी गेली की व्हिसा जातो आणि आम्ही घरी. आमचं घर, मुलांचं पुढचं शिक्षण, म्हातारपण सगळं महाराष्ट्रात. ती खाती आमच्यासाठी जुनी अडगळ नाहीत, तोच आमचा संसार आहे.

माझी खाती एनआरओ करून घेतली आहेत, कायद्याचं मला मान्य. पण माझी एनआरओच दोन आहेत आणि दोनच राहणार. एकातून बदलापूरच्या फ्लॅटचा हप्ता जातो, दुसऱ्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, महावितरणचं बिल, एलआयसी. मध्ये एका बँकेने री-केवायसी (ओळखीची कागदपत्रं पुन्हा देणं) राहिली म्हणून खातं गोठवलं. दुसरं होतं म्हणून हप्ता बाउन्स झाला नाही. एकाच एनआरओ खात्यावर घर चालवायचा सल्ला देणाऱ्याने हा प्रसंग डोळ्यांसमोर आणावा.

टीडीएसचंही ऐका. अमिरातीशी भारताचा करार आहे, इथलं कर-रहिवासी प्रमाणपत्र दिलं की व्याजावरचा कर १२.५ टक्क्यांवर येतो. वर्षातून एकदा कागद द्यायचा एवढंच. जाण्याआधी उघडलेलं पीपीएफसुद्धा मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन मात्र काढता येत नाही.

आणि कार्ड. माझ्या कार्डावर आईला अॅड-ऑन, म्हणजे जोडकार्ड दिलं आहे. गेल्या पावसाळ्यात तिला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, काउंटरवर आधी पन्नास हजार भरा म्हणाले. शेजाऱ्यांनी कार्ड स्वाइप केलं, आईने पिन टाकला, ऍडमिशन झालं. तेव्हा मी शिफ्टवर होतो, फोन लॉकरमध्ये. असं कार्ड परत करा म्हणता?

मुळाकाठ

आईंच्या नावावर पैसे ठेवा ना. त्यांच्याच खात्यात दोन लाख राहू द्या आणि डेबिट कार्डाची मर्यादा वाढवून घ्या. आणि एनआरओ, एनआरई खात्यांवर २०२३ पासून परदेशी नंबरवरून यूपीआय चालतं, सुरुवातीच्या दहा देशांत अमिरातीही आहे आणि कॅनडाही. नुसत्या ओटीपीसाठी भारतातलं सिम रिचार्ज करत बसायची वेळ आता कमी झाली आहे.

खाडीवारा

फोन लॉकरमध्ये होता, तिथे यूपीआय काय करणार?

जर्सीकर

मी मुळाकाठ यांच्या बाजूने. अमेरिकेत करदाता असाल तर प्रत्येक जादा खातं हे दरवर्षीचं काम आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावाच लागतो. यात एफडी धरायची. आई-बाबांच्या खात्यावर सोयीसाठी तुमचं नाव जोडलेलं असेल तर तेही धरायचं, त्यातला एक रुपया तुमचा नसला तरी. आपली माणसं नेमकी इथेच चुकतात. चुकून राहिलं तरी दंड प्रत्येक वर्षाच्या अहवालामागे १०,००० डॉलर आणि वर महागाईनुसार वाढ, इतका होऊ शकतो. २०२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो खात्यामागे नाही, अहवालामागे, असा निकाल दिला तेव्हा कुठे लोकांच्या जिवात जीव आला. शिवाय एनआरईचं व्याज भारतात करमुक्त, पण अमेरिकेत नाही.

निवृत्त शाखाधिकारी (सातारा)

काउंटरच्या आतून चौतीस वर्षं पाहिलं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

‘बंद करा’ म्हणणं सोपं आहे. परदेशात बसून बंद करणं अवघड: सहीचा मूळ अर्ज, पासपोर्ट-व्हिसाच्या साक्षांकित प्रती, आणि पंधरा वर्षांपूर्वीची सही आज जुळत नाही म्हणून अर्ज परत. जायच्या आधी एक सकाळ शाखेत घालवली तर सगळं तिथल्या तिथे होतं. न बंद केलेल्या खात्यात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग होते. पैसे बुडत नाहीत, वारस मागू शकतात, २०२३ पासून उद्गम पोर्टलवर शोधताही येतात. पण खातं होतं हेच घरात कुणाला माहीत नसेल तर शोधणार कोण?

मुळाकाठ, सहकारी बँकेचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला, माझ्या मते मोठी जोखीम तिथे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त हजार रुपये काढता येत होते. तेव्हा ठेव विमा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा मुळीच नाही. तुम्ही परदेशात असताना बातमी आली तर रांगेत तुमचे सत्तरीतले वडील उभे राहतात. ओळखीवर ठेवलेली मोठी रक्कम जाण्याआधी काढा.

आता मुलांचा आवडता उपाय: एटीएम कार्ड आणि पिन बाबांच्या हातात. कृपया असं करू नका. एनआरओ खात्यात निवासी नातेवाइकाला ‘प्रथम किंवा हयात’ तत्त्वावर (आधी खातं तुम्हीच चालवायचं, तुमच्या पश्चात त्यांनी) जोडता येतं, किंवा मॅन्डेट, म्हणजे खातं चालवायचा लेखी अधिकार देऊन घरचा स्थानिक खर्च त्यांच्या सहीने भागवता येतो. बाबांची सही बँकेत नोंदलेली असली की त्यांना कुणापुढे चोरट्यासारखं उभं राहावं लागत नाही. आणि नॉमिनी तपासा. लग्नाआधी लावलेलं नाव पुढे पंचवीस वर्षं तसंच राहिलेलं मी कितीदा पाहिलं आहे.

धाकटी बहीण (ठाणे)

काकांना अनुमोदन. वरच्या सगळ्या चर्चेत एक माणूस हरवला आहे, जो बँकेत जातो तो. दादा सिडनीला, खाती त्याची, खेटे माझे. री-केवायसीचा फॉर्म मी नेते, चेकबुक आमच्या पत्त्यावर येतं, बँकेचा माणूस फोन करतो तो मला. अर्ध्या दिवसाची रजा माझी जाते. शाखेत मला पहिलं विचारतात, ‘खातेदार कुठे आहेत?’ दोन खाती ठेवा की चार, पण ज्याच्या जिवावर ठेवता त्याला आधी विचारा. आमच्याकडे मला कुणीच विचारलं नाही.

खाडीवारा

ताई, हे मनाला लागलं. माझी दोन्ही खाती धाकटा भाऊच बघतो. मॅन्डेटचा फॉर्म या सुट्टीत भरतो. खाती दोनच राहतील, यावर मात्र मी ठाम आहे.

मुळाकाठ

मॅन्डेट, नॉमिनी, सहकारी बँकेतली रक्कम, सगळं मान्य. धूळ खात पडलेल्या कार्डाबद्दल माझं मत कायम आहे. अॅड-ऑन कुणी खरंच वापरत असेल तर ती गोष्ट वेगळी. नसेल तर बंद करायचा लेखी अर्ज द्या. थकबाकी नसेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये तिने तुम्हाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जाची पोच जपून ठेवा.