पायमॉलमध्ये लिगँडची अरोमॅटिक रिंग तुटक रेषेने कशी दाखवायची?

अर्धा_केमिस्ट:
थीसिससाठी पायमॉल या रेणूंची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र काढतोय, प्रोटीनमध्ये बसलेला लिगँड (प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) आहे, बायफिनाइलवाला, म्हणजे एका बाँडने जोडलेल्या दोन बेंझिनच्या (अरोमॅटिक) रिंगा. व्हॅलेन्स, म्हणजे सिंगल-डबल बाँड दाखवायची सेटिंग, ऑन केलंय. गंमत म्हणजे शेजारच्या फिनाइलअॅलनिनला (प्रोटीनमधलंच एक अमिनो आम्ल) एकाआड एक डबल बाँड व्यवस्थित दिसतात आणि माझ्या लिगँडला सगळे सिंगल!! सायक्लोहेक्झेन वाटतंय ते. गाइड बघतील तर ओरडतील. आणि मला खरं तर एक सलग एक तुटक अशी जोडरेषा हवीये.

रिंगमास्तर:
सॉफ्टवेअरचा दोष नाही, पीडीबी फाइलमध्ये (प्रोटीनच्या रचनेची फाइल) अणू कुठे आहे एवढंच असतं, फार तर कोण कोणाला जोडलंय ते, पण सिंगल की डबल हे लिहायला वेगळी जागाच नाही. फिनाइलअॅलनिन नेहमीचं गिऱ्हाईक, त्याचे बाँड पायमॉलला नावावरून पाठ आहेत, तुमचा लिगँड त्याला अनोळखी. पीडीबीच्या साइटवरून त्याच लिगँडची एसडीएफ फाइल घ्या, त्यात बाँड ऑर्डर (सिंगल की डबल) येते. मात्र 'आयडियल' वाली नको, ती प्रोटीनच्या बाहेर कुठेतरी तरंगत बसेल, त्या स्ट्रक्चरमधल्याच कोऑर्डिनेटची घ्या. मग रिंगचे सहा कार्बन सिलेक्ट करून व्हॅलेन्स कमांडला अरोमॅटिक सांगा, तुटक रेषा येते. दोन्ही रिंगा एकदम सिलेक्ट करू नका, मधला जोडणारा बाँडही तुटक होऊन बसेल.

केकुलेचा_साप:
मी तर म्हणतो एकाआड एकच ठेवा, इलेक्ट्रॉन मोजता येतात. हां, बेंझिनमध्ये सहाही बाँड १.३९ अँगस्ट्रॉमचे आहेत, डबल १.३४ आणि साधा सिंगल १.५४, म्हणजे ते चित्र तसं खोटंच, पण सोयीचं खोटं. जुन्या किमेरा सॉफ्टवेअरमध्ये रिंगच्या आत गोल काढायची कमांड आहे, दिसतं छान, फक्त नॅफ्थलीनमध्ये (एक कड सामाईक असलेल्या दोन रिंगा) दोन गोल काढले की बघणारा सहा-सहा करून बारा पाय इलेक्ट्रॉन (डबल बाँडमधले जास्तीचे) मोजतो, आहेत दहाच. शिवाय तिथे सगळे बाँड सारखे नसतातच, काही १.३७ च्या आसपास तर काही १.४१.

रात्रपाळी:
एक राहिलं. तुटक केलेली फाइल सेव्ह करून पुढे डॉकिंगला (लिगँड प्रोटीनमध्ये कसा बसेल ते कॉम्प्युटरवर बघायला) वापरू नका. मॉल फाइलमध्ये बाँड टाइप ४ म्हणजे अरोमॅटिक, आरडीकिट या रसायनशास्त्राच्या प्रोग्रामने ती वाचली की आधी एकाआड एक डबल बाँड बसवून बघतं. बेंझिनला जमतं. पायरोल किंवा इमिडाझोल अशी नायट्रोजनवाली रिंग असेल आणि नायट्रोजनवरचा हायड्रोजन फाइलमध्ये नसेल तर केकुलाइझ होत नाही (एकाआड एक बाँड बसवता येत नाहीत) म्हणून एरर फेकतं. माझे दोन दिवस गेले होते यात, सारखा रिंगकडेच बघत होतो. चित्राची फाइल वेगळी, कामाची वेगळी.

अर्धा_केमिस्ट:
झालं!! सूचना अर्धीच वाचून दोन्ही रिंगा एकदम सिलेक्ट केल्या, मधला बाँड तुटक झालाच 😅 तेवढा परत सिंगल केला.