टाकाऊतून टिकाऊ की टाकाऊतून दुसरं टाकाऊ?

हिशेबनीस:
मे महिना लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘टाकाऊतून टिकाऊ’चा मोसम सुरू होतो. बाटलीची फुलदाणी, जुन्या सीडींचं तोरण, आइसक्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड. बाटली फुकटची असते, कबूल. पण अ‍ॅक्रिलिक रंग, ग्लू गनच्या कांड्या, लेस, कुंदन, चमकी हे सगळं दुकानातून येतं. वस्तू होते, चार दिवस टीव्हीशेजारी मिरवते, मग धूळ खाते आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जाते. नुसती बाटली भंगारवाल्याने तरी घेतली असती. रंग, गोंद आणि लेस लागल्यावर तोही हात लावत नाही.

हौसेला मोल नाही, खुशाल करा. पण तिला काटकसर म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

पैसे वाचतात ते जिथे दाखवण्यासारखं काही नसतं तिथे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३०च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास उगाच चालू राहिला की एक युनिट गेलं. छोले-राजमा रात्री भिजत घाला, कुकरची पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. याचा व्हिडिओ कोण बघणार?

काही युक्त्या तर निव्वळ भ्रम आहेत. सिंकमध्ये सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फसफसलं की सगळे खूश. एक अल्कली, दुसरं आम्ल. दोघं एकमेकांना मारतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि खाली उरतं ते खारट पाणी. वेगवेगळे वापरले असते तर दोघांनीही थोडंफार काम केलं असतं. घरच्या सायीचं तूप ‘फुकट पडतं’ हेही त्यातलंच. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. महागडं दूध आणून साय काढायची म्हणजे तुपाचे पैसे रोज हप्त्याहप्त्याने दुधातच भरायचे.

खवचट काकू:
पंख्यापर्यंत सगळं पटत होतं हो, तुपाला हात घातलात आणि घसरलात. साय काढून उरलेलं दूध आम्ही मोरीत ओततो का? चहाला, मुलांना, विरजणाला तेच. आमच्याकडे दोन्ही दुधांच्या भावात लिटरमागे दहा-बारा रुपयांचा फरक आहे. रोज एक लिटर धरा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास जास्त गेले. तुमच्याच टक्क्यांनी कागदावर ९०० ग्रॅम स्निग्धांश जास्त मिळतो. हातात येतं अर्धा ते पाऊण किलो तूप. साडेतीनशेत तेवढं तूप मिळतं तो दुकानदार मला दाखवा. वर लोण्याखालचं ताक कढीला, आणि बेरी साखर घालून खायला. बेरीचा भाव कुठल्या रकान्यात लिहिणार?

पातेलंभर:
काकूंना अनुमोदन, फक्त पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलंय का ते बघून दूध घ्या. त्यात स्निग्धांशाचे गोळे फोडून बारीक केलेले असतात, साय नीट धरतच नाही. मग महिनाभर डबा भरत बसाल आणि तूप निघेल वाटीभर. आणखी एक: सायीला विरजण लावून मगच लोणी काढा. नुसती गोड साय घुसळलीत तर मिक्सर गरम होतो आणि ताकाची चवही मिळत नाही.

हिशेबनीस:
काकू, कढवायचा गॅस धरला नाहीत. आणि वेळ?

खवचट काकू:
गॅस पाव तास, तोही बारीक. माझ्या वेळेची काळजी तुम्ही करू नका. तेवढ्या वेळात मालिका बघत बसले असते तर कुणी ताशी दर विचारला नसता.

तिसरा मजला:
काकू, तुमची खुशी आहे म्हणून तुम्ही करता. पण वेळेचा मुद्दा इतक्या सहज उडवून लावू नका. काटकसरीच्या या सगळ्या हिशेबांत घरातल्या बाईचे तास शून्य रुपयांना धरलेले असतात. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेच पुढे लिज्जत झालं. पापड त्याआधीही घरोघरी लाटले जातच होते. या सात जणींनी लाटणीची मजुरी धरली. तोच पापड, तेच लाटणं. तिथे लाटला की कमाई, आणि घरी लाटला की ‘आमच्या हिला भारी हौस’.

कुरडयांचं घ्या. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, पहाटे उठून घोटत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा. गार झाला की सोऱ्या फिरत नाही, म्हणून हात भाजले तरी थांबायची सोय नाही. मग गच्चीवर ऊन धरून बसायचं. घरातल्या पुरुषांचा वाटा कावळे हाकलण्याइतका, आणि तोही मोबाइल बघत. पोराने विकतच्या आणल्या तर चालतात, सुनेने आणल्या की तोंडं वाकडी होतात. अशा घरात ‘घरचं ते घरचं’ हे वाक्य मला काटकसरीचं वाटत नाही.

आगाऊ बाप:
कावळ्यांचा प्रतिनिधी म्हणून नोंदवतो की आम्हाला सोऱ्या दाबायलाही बोलावतात. हात भाजतात हे खरं आहे.

दाभण:
ही चर्चा सुरू करणाऱ्या हिशेबनीसांनी प्लॅस्टिकच्या बाटलीवरून सगळ्याच घरकामाला एका माळेत ओवलंय. बाटलीची फुलदाणी कुणाला नको होती, ती करायची म्हणून केलेली असते. गोधडी पांघरायची म्हणून शिवलेली असते.

आमच्याकडे अजून शिवतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सहावारी साडी साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंचांच्या आसपास. सव्वादोन मीटरचे दोन तुकडे काढले की एकट्याच्या गोधडीची वरची आणि खालची बाजू एकाच साडीत बसते. उरलेल्या मीटरभरात कडेची पट्टी निघते. आत विरलेली धोतरं, मऊ झालेल्या चादरी, जुने सुती परकर. फरशीवर थर अंथरायचे, एकेक सुरकुती तळव्याने कडेकडे सारायची आणि लांब कच्चे टाके घालून सगळे थर आधी धरून ठेवायचे. ही पायरी ज्यांनी चुकवली त्यांची गोधडी पहिल्या धुण्यात गोळा होते. मग कडेने धावदोरा सुरू करून आत-आत यायचं. सुई मोठ्या नाकाची लागते. (नाव दाभण असलं तरी दाभण वापरत नाही, ते पोत्याला.) टाका लांब घातला की पायाच्या बोटात अडकून तुटतो, फार बारीक घातला की गोधडी कडक होते आणि अंगाला लागत नाही. उत्तर कन्नडमध्ये, यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांत त्रिकोणी ठिगळांची फुलं बसवल्याशिवाय त्या ती पुरी झाली असं मानत नाहीत.

आता सांगा, यात विकत आणलं ते काय? दोरा. आणि वापर? पहिले काही हिवाळे पांघरूण, मग अंथरूण, मग पाळण्यात, आणि शेवटी तुकडे करून ओट्याखालचं फडकं. बाळाचं पहिलं दुपटं आणि लंगोट आजीच्या साडीचे करतात ते काही नवे आणायला पैसे नव्हते म्हणून नाही. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ नवं कापड मिळत नाही म्हणून.

मनीषा नाशिककर:
दाभणताई, सुंदर लिहिलंत, पण सुती साड्या आणायच्या कुठून? माझ्या कपाटात सगळं जॉर्जेट, शिफॉन आणि ‘सेमी’ काहीतरी. या कपड्यांची गोधडी सटकते, घाम टिपत नाही, उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही. वर आतले थर सरकतात म्हणून टाके दुप्पट. आईच्या काळची युक्ती माझ्या कपाटाला लागू पडत नाही. बाहेर शिवायला दिली तर मजुरीत चांगली रजई येते.

दाभण:
सिंथेटिक साड्यांची गोधडी करूच नका. त्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवा. वजनाला टिकतात, झटकली की वाळते, आणि दुमडून खिशात बसते. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर आमच्या आळीत असल्या पिशव्या घरोघरी झाल्या. तळाला दुहेरी शिवण आणि धरायचा पट्टा पिशवीच्या बुडाखालून आणलेला, एवढं केलंत तर पाच किलो कांदे आणता येतात. मजुरीचं म्हणाल तर, गावाकडे बायका गोधड्या शिवून चार पैसे मिळवतात. ते तुम्हाला महाग वाटतं. तिसरा मजला यांना विचारा, त्यांना स्वस्त वाटेल.

तिसरा मजला:
स्वस्तच आहे. एवढे टाके घालायचे तास मोजा.

कोकणी माणूस:
बायो-एन्झाइमचं कोणी बोललंच नाही. एक भाग गूळ, तीन भाग लिंबू-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवायचं. आम्ही फरशी, संडास, सिंक सगळं त्यानेच धुतो. साली फुकट, गूळ तेवढा विकत. बाजारची बाटली बंद झाली. ही खरी बचत.

रसायनवाला:
तुमची फरशी कसली आहे ते आधी सांगा. सालींचं हे पाणी आंबट असतं, म्हणजे आम्ल. सिरॅमिक, व्हिट्रिफाइड टाइलला काही होत नाही. पण शहाबादी, कोटा, संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्ल त्यांना हळूहळू खातं, झिलई जाते आणि पुन्हा पॉलिश करायला माणूस बोलवावा लागतो. तिथे सगळी बचत वसूल. लिंबू, व्हिनेगर, चिंच सगळ्यांना हेच लागू. चिंचेने तांब्याची कळशी लखलखते कारण आम्ल वरचा काळा थर विरघळवतं. तेच पाणी शहाबादी ओट्यावर सांडून ठेवलंत तर डाग कायमचा.

दुसरं, बाटली प्लॅस्टिकची घ्या आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडा. काचेच्या बरणीला घट्ट झाकण लावून माळ्यावर ठेवलेली मंडळी मला माहीत आहेत. आणि घरगुती असो वा विकतचं, आम्लाचं कुठलंही पाणी ब्लीचमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो.

कोकणी माणूस:
आमच्याकडे जांभा आणि टाइल. शहाबादीचं माहीत नव्हतं, ओटा तपासतो.

आगाऊ बाप:
मूळ मुद्द्यावर येतो. हिशेबनीसराव, दिवाळीचा कंदील तुमच्या कुठल्या खात्यात? आम्ही बाप-लेक दरवर्षी घरी करतो. कामट्या तासून चौकटी बांधायच्या, जिलेटिन लावायचं, त्यावर कागदाच्या करंज्या चिकटवायच्या, खाली झिरमिळ्या. चिकटवायला कणकेची खळ. (काही जण कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मुलं हात घालणार असतील तर अजिबात घालू नका, ते विष आहे.) खर्च विकतच्या कंदिलाहून जास्तच होतो, लपवत नाही. पण एरवी मोबाइल न सोडणारं पोर सहा चौकटी एका मापाच्या का झाल्या नाहीत यावर माझ्याशी भांडतं. माप चुकलं की कंदील तिरका लटकतो, हे त्याला मी सांगावं लागत नाही.

हिशेबनीस:
मग ती हौस. मी हेच म्हणतोय. तुम्ही स्वतः खर्च जास्त होतो म्हणता आणि तरी करता, ही प्रामाणिक हौस झाली. माझा राग आहे तो ‘घरच्या घरी फक्त वीस रुपयांत’ म्हणून ग्लू गन पुढे करणाऱ्यांवर. गोधडी मी बाटलीच्या माळेत ओवली नव्हती. माझ्या पहिल्या लिखाणात तिचा उल्लेखही नाही. तुपाच्या बाबतीत काकूंच्या आकड्यांना माझ्याकडे उत्तर नाही, फक्त आमच्याकडे येणारं दूध होमोजिनाइज्ड आहे की नाही ते आधी बघतो.

मनीषा नाशिककर:
आणि शाळेतून येणारे ते ‘प्रकल्प’? घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी बनवून आणा, उद्याच. मग रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानात टाकाऊ वस्तू विकत घ्यायला पालकांची रांग. आमच्या इथल्या दुकानदाराने कोऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्याच विकायला ठेवल्यात.

खवचट काकू:
हिशेबनीस, या दुधात तुम्ही बराच वेळ घालवणार असं दिसतंय. दर ताशी किती लावू?

पातेलंभर:
आगाऊ बाप, कामट्या कुठून आणता? आमच्याकडे दुकानात फक्त तयार सांगाडे मिळतात, तेही तारेचे.

आगाऊ बाप:
पुण्यात असाल तर बुरूड आळी. दुसरीकडे कुठेही, टोपल्या-सुपं विणणारा बुरूड शोधा आणि कंदिलाला हव्यात असं सांगा, तोच बारीक चिरून देतो. दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा त्याला बोलायला फुरसत नसते. नवरात्रातच आणून ठेवा, आणि बांधायच्या आधी अर्धा दिवस पाण्यात टाका, नाहीतर वाकवताना तडकतात.