कोळ्याची नवी प्रजाती वाटते आहे, वर्णन कसे करावे?

प्रश्न: गोल जाळे विणणारी, जेमतेम ४ मिलिमीटरची मादी मिळाली आहे. पोट त्रिकोणी, वर पांढरा पट्टा. कुठल्याच फोटोशी जुळत नाही. नवी प्रजाती म्हणता येईल?

उत्तर १: फोटोंवरून नाही हो! एकाच प्रजातीतल्या माद्यांचे रंग आणि पट्टे कमालीचे वेगळे असतात. खरी ओळख जननेंद्रियांत: मादीच्या पोटाखालचा एपिगाइन (जननद्वारावरचा कडक भाग) आणि नराचे पाल्प (तोंडाजवळचे, पायांसारखे दोन छोटे अवयव). ते प्रौढ झाल्यावरच पूर्ण घडतात, म्हणून पिल्लावरून प्रजाती सांगणे बहुधा अशक्यच. नमुना ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, एपिगाइनची सूक्ष्मदर्शकाखाली खालून आणि मागून चित्रे काढा. मला तर या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

प्रश्नकर्ता: एपिगाइन दिसतोय, म्हणजे प्रौढ आहे. नर कुठे शोधू?

उत्तर २: तिच्याच जाळ्याच्या कडेला बघा. नर बरेचदा खूप लहान असतो, प्रौढ झाल्यावर सहसा शिकारीचे जाळे विणत नाही.

उत्तर १: आणि 'वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग' (जगातल्या कोळ्यांच्या नावांची ऑनलाइन सूची) नीट चाळा. कोळ्यांची ग्राह्य शास्त्रीय नावे स्वीडिश निसर्गअभ्यासक क्लर्कच्या १७५७ च्या ग्रंथापासून सुरू होतात, जुनी वर्णनेही तपासावीच लागतात. होलोटाइप (नव्या प्रजातीचे नाव ज्यावर आधारलेले असते तो एकमेव नमुना) मात्र संग्रहालयातच जमा करा, घरी नको.