मदत हवी आहे: नोव्ही टार्ग (पोलंड), हिवाळ्यातला धूर आणि लेकाचा दमा

नमस्कार मंडळी, दक्षिण पोलंडात राहणारं किंवा राहून गेलेलं कोणी आहे का इथे? आम्ही सध्या क्राकोवला आहोत, नवऱ्याला नोव्ही टार्गमध्ये नोकरी मिळालीये आणि ऑक्टोबरपासून तिकडेच घर करायचं चाललंय. लेक सहा वर्षांचा आहे, त्याला बाळदमा आहे, इन्हेलर चालू आहे. सगळा प्रश्न त्याच्यासाठीच आहे, थंडीची भीती नाही, उणे वीसचे कपडे घेऊन झालेत.

गाव तसं छोटं, साधारण 33 हजार वस्ती, क्राकोवच्या दक्षिणेला 80 एक किलोमीटर. उत्तरेला गोर्त्सेचे डोंगर, दक्षिणेला टाट्रा आणि मधल्या खोलगट भागात गाव, काळी आणि पांढरी दुनायेत्स या नद्या इथेच एकत्र येतात. उन्हाळ्यात बघत राहावं इतकं सुंदर. पण हिवाळ्यात निरभ्र रात्री वारा पडला की डोंगरउतारावरची गार हवा खाली येते आणि परातीत पाणी साचावं तशी गावावर साचते, वरची हवा उलट उबदार असते, त्यामुळे धूर वर जातच नाही. आणि हा धूर मुख्यतः गाड्यांचा किंवा कारखान्यांचा नाही, तो घराघरातल्या जुन्या कोळशाच्या नि लाकडाच्या भट्ट्यांचा, ज्यांना इथे कॉप्चुख म्हणतात. काही जण त्यात कचरासुद्धा जाळतात, तो वास लगेच ओळखू येतो. मागच्या हिवाळ्यात एका ओळखीच्यांकडे संध्याकाळी गेलो होतो तेव्हा गाडीतून उतरल्या उतरल्या लेकाला खोकला सुरू झाला तो घरात शिरेपर्यंत थांबला नाही, ते डोक्यातून जात नाही माझ्या.

पुण्यामुंबईत वाढलेल्या आपल्याला वाटतं की छोटं गाव, आजूबाजूला डोंगर म्हणजे हवा चांगलीच असणार. इथे उलटं आहे. क्राकोव शहरात 1 सप्टेंबर 2019 पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी आहे, त्यामुळे शहर सुधारलं, आजूबाजूची छोटी गावं मागे राहिली. नोव्ही टार्गचं नाव तर बेंझोपायरीनसाठी देशभर घेतलं जातं, हे कॅन्सरला कारण ठरणारं रसायन, युरोपात वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे 1 नॅनोग्रॅम असं लक्ष्य आहे आणि इथे ते कित्येक पटींनी ओलांडलं गेलंय. मावोपोल्स्का प्रांताने (क्राकोव आणि नोव्ही टार्ग दोन्ही यातच येतात) कॉप्चुख बंद करायचा नियम 2017 मध्येच केला होता, मुदत 2023 च्या सुरुवातीची होती ती पुढे ढकलून 1 मे 2024 केली. चिस्ते पोव्येत्शे नावाच्या सरकारी योजनेतून 2018 पासून भट्टी बदलायला पैसेही मिळतात. तरी सगळ्यांनी बदललेल्या नाहीत. मुदत ढकलली याचा मला खरंच राग येतो, कारण मुलांची फुफ्फुसं काही मुदत मागत नाहीत.

आता प्रश्न. आम्हाला दोन घरं आवडलीत, एक नदीजवळ बाग असलेलं स्वतंत्र घर आणि दुसरं ब्लॉकमधला फ्लॅट जिथे घर गरम ठेवायला गावाच्या पाइपलाइनने गरम पाणी येतं. घरात बाग हवी असं नवरा म्हणतो, मला फ्लॅट बरा वाटतो, पण नक्की काय बघून ठरवायचं ते कळत नाहीये. की नवऱ्यानेच रोज जाऊन येऊन करावं आणि आम्ही दोघांनी क्राकोवलाच राहावं? झाकोप्यांकाचं, म्हणजे क्राकोवहून इकडे येणाऱ्या हायवेचं, ट्रॅफिक बघता तेही जीवावर येतं. शिवाय लेकाला शाळेत पायी न्यायचं की नाही, मास्क घालायचा का, प्युरिफायर कोणता घ्यायचा, खिडक्या कधी उघडायच्या, यातलं काहीही माहीत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद: रानजाई
ताई, मी रबकाला राहते, तुमच्यापासून जवळच. रबका म्हणजे मुलांच्या श्वसनाच्या आजारांवर उपचारांसाठी प्रसिद्ध गाव, आणि तिथेही हिवाळ्यात धूर असतो, आता बोला. माझं स्पष्ट मत फ्लॅट. तुमच्या घरात गॅस असला तरी आजूबाजूच्या दहा चिमण्या धूर सोडत असतील तर उपयोग नाही, आणि नदीकाठ हा सगळ्यात खोल भाग, थंड हवा तिथेच जमते. करार करायच्या आधी संध्याकाळी सहानंतर त्या गल्लीत चालून या, शक्यतो थंडीच्या दिवसात. मालकाला विचारा भट्टी कोणत्या क्लासची आहे (किती धूर सोडते त्यावरून क्लास ठरतो), तिसऱ्या-चौथ्या क्लासच्या भट्ट्यांना 2026 च्या अखेरपर्यंतच मुभा आहे. घर कशाने गरम होतं हे सरकारी नोंदवहीत मालकाने लिहून द्यायचं असतं, 2021 पासून तो नियम आहे, त्यामुळे विचारायला लाजू नका.

वेळेचं म्हणाल तर लोक कामावरून आले की भट्ट्या पेटतात, डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सगळ्यात वाईट. सकाळी शाळेच्या वेळेलाही बरं नसतं. ऊन आलं की दुपारी जरा हलतं, खिडक्या तेव्हाच, थोडा वेळ पण पूर्ण उघडायच्या. टाट्राकडून हाल्नी सुटला की एका रात्रीत सगळं स्वच्छ, फक्त त्या वाऱ्यात अनेकांचं डोकं धरतं. आणि रविवारी गोर्त्सेतल्या तुर्बाच शिखरावर जा. 1310 मीटर उंच आहे, खाली गाव धुक्यात आणि वर लख्ख ऊन, मुलगा धावेल मस्त. वरपर्यंत नाही जमलं तरी अर्ध्या वाटेवरही हवा बदललेली कळते.

प्रतिसाद: निळावंती
प्युरिफायर हेपा फिल्टरचा (बारीक कण अडकवणारा) घ्या, ओझोन सोडणारा अजिबात नको, दम्याला वाईट. मुलाच्या झोपायच्या खोलीत ठेवा आणि खोलीच्या मापाचा बघा. बेंझोपायरीन बारीक कणांवर बसलेलं असतं त्यामुळे तेही बऱ्यापैकी अडकतं. कापडी मास्कचा उपयोग नाही, एफएफपी 2 (बारीक कण गाळणारा) हवा आणि तोही मुलाच्या चेहऱ्याला घट्ट बसणारा, पण दमा असताना आधी डॉक्टरांना विचारा. हवेच्या अॅपवर रंग बघू नका, आकडा बघा. पीएम 2.5 म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅम आहे, पोलंडात पीएम 10 चा (जरा मोठे कण) अलार्म 150 ला वाजतो, म्हणजे अलार्म वाजेपर्यंत थांबलात तर फार उशीर. स्वतंत्र घर घेतलंच तर कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर लावाच, त्या वायूला इथे चाद म्हणतात आणि दर हिवाळ्यात अग्निशमन दल त्याबद्दल सावध करतं.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार, नवऱ्याला वाचून दाखवलं, फ्लॅटवर जवळजवळ एकमत झालंय. रानजाई, आम्ही येत्या शनिवारी संध्याकाळी त्या भागात चक्कर मारतोय, पण अजून भट्ट्या पेटलेल्या नसतील. गेल्या जानेवारीचे तासागणिक आकडे सरकारी मोजणी केंद्राच्या साइटवर जुने काढता येतात का? येत असतील तर कुठे क्लिक करायचं तेवढं सांगा, मला पोलिश अजून अडखळतच वाचता येतं. आणि नोव्ही टार्गमध्ये मुलांच्या दम्याचे चांगले डॉक्टर कोणाला माहीत असतील तर निरोपातून कळवा.