'साबर बोंडं' पाहिला. गाव इतकं गप्प बसतं का हो?

तापीकाठचा (चोपडा)
पुण्याला बहिणीकडे गेलो होतो, तिथे रोहन परशुराम कानवडेंचा 'साबर बोंडं' पाहून घेतला. आपल्याकडे तालुक्याला लागेल ही आशा नव्हतीच. २०२५ च्या अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचं सर्वात मोठं बक्षीस याला मिळालं, मराठीला पहिल्यांदाच, म्हणून मुद्दाम गेलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात: मुंबईत कॉल सेंटरला असलेला आनंद वडील वारले म्हणून दहा दिवस गावी येतो. लहानपणीचा दोस्त बाळ्या भेटतो. दोघांचं जुळतं. आणि सुतकातच नातेवाईक याच्या लग्नाचा विषय काढून जीव नकोसा करतात.

काम चांगलं केलंय सगळ्यांनी, आईचं करणाऱ्या जयश्री जगतापांनी तर फारच. दोन पुरुषांचं प्रेम मला पटलं, त्यात काही अडलं नाही. अडलं ते गावापाशी. आपल्याकडे दारवर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, आलेली मंडळी घरात नवा फ्रीज आला की जुनाच आहे, हेसुद्धा पाहून जातात. आणि इथे हे दोघं दिवसदिवस रानात, तरी कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही? आईला सगळं माहीत, तरी ती पोराला पोटाशी धरते? आपल्या गावात असं झालं असतं तर दहाव्याच्या आत भाऊबंदकी, म्हणजे भाऊबंदांची बैठक, बसली असती. दिग्दर्शकाने गावाला फुकटात चांगलं ठरवलं, असं माझं मत. बोला.

मास्तरीणबाई (धुळे)
भाऊ, राग मानू नका, पण तुम्ही दारवर जाता तेव्हा बाहेर ओट्यावर बसता. आत बायकांत काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही.

आमच्या माहेरी माझ्या आजोबांच्या नात्यातले एक काका होते. लग्न केलं नाही. शेजारच्या शेतातल्या एका गृहस्थांबरोबर त्यांचं उभं आयुष्य गेलं. बैलजोडी दोघांत, रात्रीची राखण दोघांची, आजारपण दोघांचं. कोणी त्याला नाव दिलं नाही. ते गृहस्थ वारले, तेव्हा गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपतानाच्या, पंगतीत काका मागे खांबाला टेकून उभे होते, कारण बसायचं कुठे हेच त्यांना कळेना. घरच्यांच्या ओळीत की गावाच्या? माझी आजी वाढत होती. तिने पातेलं खाली ठेवलं, काकांचा हात धरला आणि मयताच्या पोरांशेजारी नेऊन बसवलं. पुन्हा पातेलं उचललं आणि वाढायला लागली. मी तेव्हा आठवीत होते. मला वाटलं, पाय दुखत असतील काकांचे.

तर गाव बोलत नाही ते माहीत नसतं म्हणून नव्हे. सिनेमात मला तेच दिसलं. दिग्दर्शकांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात लोकांनी त्यांना लग्नावरून असंच छळलं होतं, त्यातून ही गोष्ट सुचली, असं त्यांनी सांगितलंय. घरी बसून रचलेलं गाव नाही हे.

बोंडअळी
मला वाटलं कापसावरचा सिनेमा आहे. आपल्याकडे बोंड म्हटलं की दुसरं काय डोळ्यापुढे येणार? निघाला निवडुंगाच्या फळाचा.

असो. कॅमेरा एका जागी ठेवून माणूस चहाला गेल्यासारखा. पार्श्वसंगीत नाहीच. माझ्या शेजारचा घोरत होता, तेवढंच संगीत. बक्षीसवाल्यांना संथ दाखवलं की खोल वाटतं.

आणि एक विचारतो, कोणी अंगावर येऊ नका. म्हातारी एकटी, पोरगा असा. उद्या तिचं कोण पाहणार? नातेवाईक लग्नाचं विचारतात तर ते सगळे खलनायक का? काळजीनेही विचारतात लोक.

साक्रीवाला
सिनेमातली बोली नगर जिल्ह्याकडची. ऐकायला गोड आहे, पण मला सारखं वाटत होतं, "का रे भो, लगीन कवय करस?" (लग्न कधी करतोस?) हे त्या ओट्यावर कोणीतरी म्हणायला पाहिजे होतं. अहिराणीत दहा मिनिटांचे विनोद पुष्कळ झाले. असला सिनेमा करा की कोणीतरी.

पिलबाग (यावल)
मी नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो. वय ३६, केळी करतो, लग्न केलेलं नाही. कारण बाळ्याचं तेच माझं.

तापीकाठचा भाऊ, गाव मला काही बोलत नाही. का ते सांगतो. आमच्या गल्लीत माझ्या बरोबरीची चार पोरं बिनलग्नाची आहेत. शेती करणाऱ्याला मुलगी देत नाही कोणी. एजंट येतात, बाहेरच्या स्थळांचे फोटो दाखवतात, पैसे घेऊन गायब होतात. या रांगेत मीही उभा आहे, असं सगळ्यांनी धरलंय. आई दर दिवाळीला म्हणते, औंदा पाहू. कांदेपोहे वाचले म्हणून मनातल्या मनात हसतो, आणि त्या चौघांपैकी एक जण रात्री दारू पिऊन रडतो तेव्हा लाज वाटते. त्याचं दुःख खरं आहे आणि मी त्याच्या आड लपलोय.

बोंडअळी भाऊ, आईचं सध्या मीच पाहतोय. लग्न झालेला थोरला सुरतला असतो.

मास्तरीणताई, तुमच्या आजीला नमस्कार. पण पंगत झाल्यावर काकांना त्या शेतात पाय ठेवू दिला का पोरांनी? मला तेच विचारायचंय. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ मधला समलिंगी संबंधांचा गुन्हा काढला, चांगलं झालं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. माझ्या माणसाचं नाव माझ्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागत नाही. दवाखान्यात सही कोणाची, तर सुरतच्या भावाची. गाव गप्प आहे, पण त्या गप्प राहण्यावर घर बांधता येत नाही. सिनेमा आवडला मला, दोनदा पाहिला. फक्त ही एक गोष्ट तो बोलत नाही.

मास्तरीणबाई (धुळे)
नाही ठेवू दिला पाय. बैलसुद्धा पोरांनी विकले. हे मी लिहायला हवं होतं.

तापीकाठचा (चोपडा)
ओट्यावरच बसलो होतो, कबूल. तरी माझा अर्धा मुद्दा राहतोच: भाऊबंदकी बसली असती म्हणालो ते जीभ चावून मागे घेतो, पण जमिनीवरून बसली असती. पिलबाग भाऊ, मृत्युपत्र करून ठेवा. स्वतःच्या कमाईची जमीन असेल तर वारस नसलेल्या माणसाच्या नावेही करता येते. वडिलोपार्जित असेल तर तुमच्या वाट्यापुरतं वकिलाला विचारा.

पिलबाग (यावल)
अर्धी वडिलोपार्जित आहे. विचारतो.

बोंडअळी
भाऊ, घोरणाऱ्याचं मागे घेत नाही, बाकीचं घेतो. ते फळ कुठे मिळतं सांगा, पोरगं मागे लागलंय.

पिलबाग (यावल)
आमच्या बांधावरचा निवडुंग जेसीबीने काढला. सातपुड्याच्या पायथ्याला नाल्याकाठी अजून आहे. हाताने तोडू नका, चिमट्याने धरा, गोणपाटावर चांगलं घासा, मग सोला. बारीक कुसळं असतात, दिसत नाहीत. मी एकदा तसंच तोंडात घातलं होतं. आई रात्री बॅटरीच्या उजेडात ओठातून एकेक काढत होती.

बोंडअळी
चिमटा नाही. पक्कड चालेल का?